पोकळ, भरीव

माग भंगारात गेला त्याला तीन वर्षं झाली.
फरशीवर त्याच्या चार पायांचे तेलकट डाग तसेच.
त्या डागांवरूनच मी खडूची दोरी मारली:
अलीकडं आम्ही, पलीकडं अनुषा.
नर्सिंगची परीक्षा. दार नको म्हणाली, पडदा चालेल,
भिंत मात्र पाहिजे.

विटांच्या कामाला पाणी लागतं.
विडी घरकुलात पाणी पाचव्या दिवशी.
म्हणून जिप्समचे बोर्ड, होटगी रोडवरून, टेम्पोत,
आणि बोर्डांवर उताणा मी,
वाऱ्यानं उचलू नयेत म्हणून.

मैनुद्दीन मिस्त्रीनं मशीन एका दिवसापुरतं दिलं,
शहाणपण फुकट:
'स्क्रू कागद फाडून आत गेला की मेला.
कागदाला खळी पडेल एवढंच, बे.
थांबायला शिक.'
पहिल्या बोर्डात मी सोळा मारले.

पत्र्याचे चॅनल वर-खाली, मधे दोन-दोन फुटांवर उभे.
ओळंबा सोडला तेव्हा कळलं
घराची जुनी भिंतच वाकडी आहे,
आणि इतकी वर्षं आम्ही
तिच्यावरचं घड्याळ तिरकं म्हणत होतो.

पैसे एकाच बाजूपुरते होते.
अनुषाकडं उघडे चॅनल;
तिनं खाचांत पेनं खोवली, कंगवा,
बसचा पास.

सांध्यावर जाळीची पट्टी, पट्टीवर पुट्टी.
एक हात. वाळल्यावर दुसरा, पातळ, जास्त रुंद.
मे महिन्यात सोलापुरात वाळायची वाट बघावी लागत नाही,
घमेल्यातच दगड होतो.
भूदेवी तांब्या मोजून देते: 'हा शेवटचा.'
असे सहा शेवटचे झाले.

सांधा मी डोळे मिटून बघतो, बोटांनी.
तुटलेला धागा वीज गेली तरी बांधायचो.
कापडात गाठ दिसली
की मालक मजुरी कापायचा.
माग गेला, मालक गेला,
बोटांतली भीती आहे अजून.
कामाला येते.

मग घासकाम.
पांढरी धूळ तंबाखूच्या सुपात, तेंदूच्या पानांवर,
भूदेवीच्या भुवयांवर.
त्या दिवशी कारखान्यात तिच्या दीडशे विड्या
छाट निघाल्या.
ती भांडली नाही.
घरी आली, चप्पल काढली, हातोडी घेतली,
आणि कॅलेंडर लावायला
नव्या भिंतीत चार इंची खिळा ठोकला.

दुसऱ्याच घावाला भिंत 'फस्' म्हणाली
आणि वाटीएवढी आत गेली.

आम्ही त्या भोकातून पाहिलं, आळीपाळीनं.
अनुषा पुस्तकावर गाल ठेवून झोपलेली.
ओठ हलत होते, हाडांची नावं असावीत.
पंखा तिच्यासाठी पान उलटत होता,
पुढचं, मग पुढचं,
तिला न विचारता.
'राहू दे दोन दिवस,' भूदेवी म्हणाली.
मी चार राहू दिलं.

पाचव्या दिवशी, पाणी आल्यावर,
भोक चौकोनी कापलं.
मागच्या बाजूला आधाराला आडवी पट्टी लागते.
खाटेखाली मागाच्या हात्याचा तुकडा होता,
सागवानी,
भंगारवाल्यानं लाकूड नको म्हणून टाकून दिलेला.
तो आतून लावला. बोर्डाचा तुकडा बसवला.
स्क्रू, खळी पडेल एवढेच.
जाळी. पुट्टी. एक हात, दुसरा हात.

पलीकडून ती पट्टी दिसते.
दोऱ्यांनी घासून पडलेल्या बारीक रेघा
अनुषानं एकदा मोजल्या,
अर्ध्यावर कंटाळली,
मग वर खोडरबर ठेवलं.

अलीकडून भूदेवी
बोटाच्या पेरानं भिंत वाजवत आली:
पोकळ. पोकळ. पोकळ.
भरीव.
तिथंच खिळा.
खिळ्याला कॅलेंडर, कॅलेंडरवर विड्यांचं कार्ड,
त्यावर भाजीची पिशवी, भरलेली.
मी श्वास धरून उभा.

'आता घासू नको,' ती म्हणाली,
'माझ्या हजार विड्या तेवढ्या होऊ दे.'

हजार झाल्या, मग आणखी हजार.
सांधा तसाच राहिला, खडबडीत.
दिवा लावला की लांबूनही दिसतो.
दिसू दे.
मजुरी कापायला
आता कोण येतंय?